उघडावंसं वाटेल असं पाकीट

परवा पोस्टाच्या दारात ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या, आप्पांच्या हातात पोस्टमनने पाकीट दिलं. मी शेजारीच उभा होतो. आप्पांनी आधी नाव वाचलं. मग पाकीट उलटं करून मागे कोणाचं नाव आहे ते पाहिलं. दोन बोटांनी दाबून आत किती कागद असतील याचा अंदाज घेतला, उन्हाकडे धरलं आणि विचारलं, "बँकनी नोटीस शे का रे भो?" पोस्टमन म्हणाला, "नही आप्पा, दुकाननी जाहिरात शे." आप्पांनी पाकिटाची मधोमध घडी घातली आणि ते खिशात टाकलं.

ज्याने ते पत्र लिहिलं, त्याने मजकुरावर दोन रात्री तरी घालवल्या असतील. पाकीट मात्र बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी ठरतं. धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्यात माझा छोटा छापखाना आहे. कृषी केंद्रं, पतसंस्था, शाळा, दवाखाने, कापडाची दुकानं, एमआयडीसीतले लहान कारखानदार अशी सगळी गिऱ्हाइकं येतात. पत्राचा मजकूर चार वेळा तपासतात आणि जाता जाता सांगतात, "आणि पाचशे पाकिटं द्या, कुठलीही चालतील." कुठलीही चालत नाहीत. पत्र वाचायचं की नाही हे पाकीट हातात पडल्यावर पहिल्या काही क्षणांतच ठरून जातं, आणि त्या क्षणांत तुमच्या बाजूने बोलायला पाकिटाशिवाय दुसरं कोणी नसतं.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. हे माझ्यासाठी आहे आणि पाठवणारा मला ओळखतो, असं बाहेरूनच जाणवलं की माणूस पाकीट उघडतो. रंग, कागद, आकार, तिकीट या सगळ्यांची निवड याच एका कसोटीवर करायची. म्हणून सुरुवात रंगापासून न करता नावापासून करू.

आपल्याकडे एका गावात पन्नास पाटील, तीस गिरासे, वीस बोरसे असतात. नुसतं 'श्री. पाटील' लिहिलेलं पाकीट कोणाचंच नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही हवीत. गावात ज्या नावाने हाक मारतात ते ठाऊक असेल तर कंसात तेही लिहा: नाना, बापू, तात्या, अण्णा. पोस्टमनला घर सापडतं आणि वाचणाऱ्याला समजतं की यादी कुठूनतरी विकत आणलेली नाही.

नावांची खरी वाट लागते ती संगणकात. दुकानाच्या बिलांची नावं इंग्रजी लिपीत भरलेली असतात आणि छपाईच्या वेळी कोणीतरी ती यंत्राकडून मराठीत उलटवून घेतं. मग भदाणे यांचे 'भादाने' होतात, देसले यांचे 'देसाले', गिरासे यांचे 'गिरसे'. स्वतःचं आडनाव चुकलेलं पाहिल्यावर आतलं पत्र कितीही गोड असलं तरी उपयोग नाही. यादी छापायला देण्याआधी गावातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. चुका डोळ्याला दिसत नाहीत, कानाला लगेच कळतात.

बायकांच्या नावाआधी काय लावायचं, इथे तर फारच जपावं लागतं. सरसकट 'सौ.' छापलं आणि त्या घरात मागच्या वर्षी दुःख झालेलं असेल, तर ते पाकीट कायमचं मनात सलतं. 'श्रीमती' लिहिलं की सुरक्षित, असं शहरातल्या माणसाला वाटतं. पण आपल्याकडची जुनी माणसं 'श्रीमती' म्हणजे विधवा असंच समजतात आणि नवरा हयात असलेल्या बाईला ते अशुभ वाटतं. नक्की माहीत असेल तरच उपपद लावा. माहीत नसेल तर पूर्ण नाव लिहून पुढे 'ताई' किंवा नुसतं 'यांस' लिहा. दोन्हींत मान आहे, आणि कोणाला बोचत नाही.

पत्त्यात मुक्काम आणि पोस्ट वेगवेगळे असतील तर वेगवेगळे लिहा. लहान गावाला स्वतःचं पोस्ट नसतं. शेजारच्या गावच्या शाखा डाकघरातून टपाल येतं. 'मु. पो.' असं सवयीने एकत्र ठोकून दिलं की पत्र भलतीकडे फिरतं. बुद्रुक की खुर्द हे विसरू नका, आणि तालुका तर हवाच, कारण पिंप्री आणि वडगाव महाराष्ट्रात पैशाला पासरी आहेत.

मग पिनकोड. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सहा आकड्यांचा पिनकोड आला. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या भाषा आणि लिप्या यांतून वाट काढायला हे आकडे केलेले आहेत. आपल्या भागात एक नेहमीची चूक होते. नरडाणा धुळे जिल्ह्यात, आणि धुळ्याचा पिन ४२४००१. म्हणून बाहेरचे लोक नरडाण्यालाही ४२४ ने सुरुवात करतात. नरडाण्याचा पिन आहे ४२५४०४. शिरपूर ४२५४०५, शिंदखेडा ४२५४०६, दोंडाईचा ४२५४०८, आणि जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर ४२५४०१. जिल्हा पाहून पिनचा अंदाज बांधू नका, प्रत्येक गावाचा तपासून घ्या. सहा आकडे सुटे सुटे, ठळक, शेवटच्या ओळीत.

हाताने लिहावं की छापावं? दोनशे-तीनशे पत्रं असतील तर हाताने लिहा, यात मला जराही शंका नाही. हस्ताक्षर सुंदर नसलं तरी चालेल, सुवाच्य हवं. हाताने लिहिलेलं नाव दिसलं की माणूस आधी 'हे अक्षर कोणाचं?' असा विचार करतो, आणि तो विचार करता करता पाकीट फोडतो. आमच्याकडे दोन मुली बसतात. नीट अक्षरात तासाला चाळीसेक पत्ते होतात. पाचशे पत्त्यांना दोघींचा एक पूर्ण दिवस जातो. छापील चिकटपट्टीपेक्षा खर्च जास्त, हे खरं. पण चिकटपट्टी लावलेलं पाकीट आणि फेकून द्यायचं पत्रक यांत लोक फरक करत नाहीत. आकडा हजारांत गेला तर पत्ता थेट पाकिटावर छापून घ्या, तो चिकटपट्टीहून बरा. मात्र पावसाळ्यात शाईच्या फवाऱ्याच्या प्रिंटरवर छापू नका. पोस्टमनच्या पिशवीत पाकीट ओलं झालं की अक्षरं फुटतात. लेझर प्रिंटर किंवा बॉलपेन वापरा. जेल पेन आणि शाईपेनही जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाजूला ठेवलेले बरे.

आता रंगाकडे येतो, आणि आधी माझीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराने बियाण्यांवरच्या सवलतीची पत्रं पाठवायला काढली. पाकीट हमखास उघडलं गेलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. मीच सुचवलं की खाकी पाकीट घ्या आणि वर लाल अक्षरांत 'तातडीचे' छापा. आठवड्याभराने एक वयस्क बाबा छापखान्यात आले. पाकिटाच्या झाकणाखाली बारीक अक्षरांत आमच्या छापखान्याचं नाव असतं, ते कोणीतरी त्यांना वाचून दाखवलं होतं. बाबांनी उपरण्याच्या घडीतून पाकीट काढलं. ते अजून बंदच होतं. तीन दिवस त्यांनी ते उशाखाली ठेवलं होतं. कर्जाची वसुली आली, आता जमिनीवर टाच येणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं आणि फोडायची हिंमत होत नव्हती. मी फोडून वाचून दाखवलं. बियाण्याच्या पिशवीमागे थोडी सूट, एवढंच होतं. बाबा बाकावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. त्यानंतर जाहिरातीच्या एकाही पाकिटावर मी 'तातडीचे' छापलेलं नाही, आणि कोणी आग्रह केला तरी छापणार नाही.

खाकी पाकीट आपल्या भागात कोर्ट, बँक आणि तहसील यांचं आहे. खिडकीचं पाकीटही त्याच घरातलं. भीतीपोटी ते उघडलं जाईलही, पण आत दुकानाची जाहिरात निघाल्यावर सुटकेच्या श्वासाबरोबर रागही येतो, आणि पुढच्या वेळी तुमचं नाव दिसलं की हात मागे येतो. सरकारी वाटेल असं काहीही पाकिटावर नको. सिंहांची राजमुद्रा तर कायद्यानेच वापरता येत नाही. तिच्या गैरवापराला मनाई करणारा कायदा २००५ पासून आहे. 'सेवार्थ'सारखे सरकारी टपालावरचे शब्दही टाळा. साध्या जाहिरातीसाठी सही घेऊन देण्याचं टपाल वापरायचा मोह काहींना होतो. रजिस्टर्ड टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तरी गावात 'रजिस्टर आलं' म्हटलं की घरात चूल पेटत नाही, ही धास्ती अजून तशीच आहे. सही मागणारं टपाल खरोखरच्या कागदपत्रांसाठी ठेवा.

मग रंग कोणता? पांढरा किंवा दुधी, ऐंशी ते शंभर जीएसएमचा मॅपलिथो. हाताला थोडा खरबरीत लागणारा कागद चकचकीत आर्ट पेपरपेक्षा चांगला. आर्ट पेपरवर बॉलपेन घसरतं आणि पोस्टाचा शिक्का पुसला जातो. हळदीचा पिवळा आणि कुंकवाची बारीक कड आपल्याकडे शुभ, कारण लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावूनच ती दारोदार जाते. दुकानाचं उद्घाटन, शाळेचा महोत्सव, पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव असेल तर पत्रिकेसारखं पाकीट घेण्यात काहीच चुकीचं नाही. ते खरंच निमंत्रण आहे. थकबाकीची आठवण किंवा विक्रीची जाहिरात मात्र लग्नाच्या पाकिटात घालू नका.

काळी कड कधीही नको. बाहेरगावच्या चित्रकाराने काळ्या चौकटीचं 'आधुनिक' पाकीट करून दिलं तरी नको. मृत्यूनंतरच्या गंधमुक्तीची पत्रं काळ्या शाईत छापलेली असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाकिटाचा कोपरा. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी, ते वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, ही रीत जुन्या माणसांच्या हाडीमाशी आहे. गठ्ठा बांधताना सुतळीने कोपरे फाटतात, यंत्रात कापताना तिरके जातात. अशी पाकिटं वेगळी काढा. एका गिऱ्हाइकाने वेगळेपणासाठी कोपरा कापलेला आकार मागितला होता. मी त्यांना ही रीत सांगितली, त्यांना लगेच पटलं.

आकाराचं गणित सोपं आहे, तरी त्यात फार लोक फसतात. ए-फोर कागद तीन घड्यांत दुमडला की त्याची रुंदी ९९ मिलिमीटर होते. बाजारात सर्रास मिळणारं नऊ बाय चार इंची पाकीट १०२ मिलिमीटर रुंद असतं. एक कागद आरामात बसतो. तीन कागद आणि एक कार्ड कोंबलं की कडा फुगतात, डिंक सुटतो, पाकीट बाजाराच्या पिशवीसारखं दिसतं. दोनापेक्षा जास्त कागद असतील तर साडेनऊ बाय सव्वाचार घ्या. कागद चार घड्यांत, म्हणजे पाव आकारात दुमडणार असाल तर त्या मापाचं छोटं पाकीट मिळतं. घरगुती पत्रासारखं दिसतं आणि मला तेच सर्वांत आवडतं. ए-फोर न दुमडता जाईल असं मोठं पाकीट खेड्यात पाठवू नका. मोटारसायकलच्या पिशवीत ते दुमडणारच, आणि चुरगळलेलं मोठं पाकीट लहानाहून वाईट दिसतं.

वजनाचं गणितही घरी करता येतं. ऐंशी जीएसएमच्या एका ए-फोर कागदाचं वजन बरोबर ५ ग्रॅम भरतं. लांबट पाकीटही साधारण तेवढंच. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट. म्हणजे पाकीट आणि दोन कागद मिळून १५ ग्रॅम. उरलेल्या पाच ग्रॅममध्ये एक लहान कूपन, तिकीट आणि डिंक. तिसरा कागद घातला की तुम्ही काठावर आलात, आणि शंभर जीएसएमचा कागद असेल तर काठाच्या पलीकडे. पाचशे पत्रांना प्रत्येकी पाच रुपये वाढले की अडीच हजार. पहिलं पाकीट भरून, चिकटवून, तिकिटासकट पोस्टाच्या काट्यावर ठेवा आणि मगच बाकीची भरा. तिकीट कमी पडलं तर पत्र बेरंग होतं, आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट घेणाऱ्याकडून मागायची टपालखात्याची जुनी रीत आहे. पदरचे पैसे देऊन जाहिरात सोडवून घ्यायला कोण येईल?

तिकीट खरं चिकटवा. यंत्राचा लाल छाप सोयीचा असतो, पण तो कंपनीचा वाटतो. हाताने लावलेलं तिकीट म्हणजे कोणीतरी बसून लावलेलं. धुळ्याच्या मोठ्या पोस्टात वेगवेगळ्या विषयांची स्मरणार्थ तिकिटं मिळतात का, ते विचारा. पक्षी, संत, रेल्वे असं काही असलं तर लहान मुलं ते पाकीट बापाच्या हातून घेतात आणि जपून फोडायला लावतात. पतसंस्थेला किंवा शाळेला हौस असेल तर टपालखात्याची 'माय स्टॅम्प' ही सोय आहे. आपल्या चित्रासह बारा तिकिटांचा ताव ३०० रुपयांना मिळतो. सगळ्या पत्रांना ते परवडणार नाही. पन्नास जुन्या सभासदांना मात्र पाठवून पाहा.

बाहेर काही छापावं का? 'सुवर्णसंधी', 'धमाका', 'फक्त आपल्यासाठी' हे शब्द भिंतीवर, रिक्षावर, पत्रकावर इतके वाचलेत की डोळा आता त्यांवर थांबत नाही. लिहायचंच असेल तर एकच ओळ, आणि ती वाचणाऱ्याच्या शेतातली, घरातली हवी. ठिबकचं सामान विकणाऱ्या एकाला मी 'मोठी सूट'ऐवजी 'उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या का तडकतात?' असं छापायला सांगितलं. कापूसवाल्या गावांना 'वेचणी झाल्यावर पऱ्हाटीचं काय करता?' हा प्रश्न रोजचा आहे. प्रश्न बाहेर विचारला तर पहिल्याच परिच्छेदात त्याचं खरं उत्तर द्या, चौथ्या पानावर नको. सांगण्यासारखं नेमकं काही नसेल तर पाकीट कोरं ठेवा. हाताने लिहिलेल्या पत्त्याचं कोरं पाकीट कधी वाया जात नाही. पाठवणाऱ्याचं नाव मात्र हवंच, डाव्या बाजूला खाली किंवा मागच्या झाकणावर, लहान अक्षरांत. नाव लपवलं की उत्सुकता वाढते असं पुस्तकं सांगतात. खेड्यात संशय वाढतो.

ग्राहकाच्या घरी टपालाने जायचं हा मार्ग आपल्याला नवा नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. शंकरराव किर्लोस्करांनी काढलेलं ते कारखान्याचं बातमीपत्र होतं आणि पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र लोक वाचू लागले, कारण त्यात वाचण्यासारखं काही असायचं. मागच्या पाकिटात काय निघालं, यावर पुढचं पाकीट उघडायचं की नाही हे घरोघरी ठरत असतं. म्हणून वर्षातून एकदा तरी असं पत्र पाठवा, ज्यात विकायचं काहीच नाही: फवारणीचं वेळापत्रक, शिष्यवृत्तीच्या तारखा, मुलांच्या लसीकरणाचा तक्ता.

पाकिटात काही जाड, हाताला लागेल असं घातलं तर ते उघडलं जातंच. अमेरिकेत 'रीडर्स डायजेस्ट'ने पत्रावर खरी नाणी चिकटवून पाठवली होती. आपल्याकडे शगुनाच्या पाकिटावर रुपया असतोच, त्यामुळे ही कल्पना दरवर्षी कोणीतरी घेऊन येतं. करू नका. विमा न उतरवता नाणी, नोटा टपालाने पाठवायला आपल्याकडे मनाई आहे. कापडाचा छोटा तुकडा, ठिबकच्या नळीचा बोटभर नमुना, शाळेच्या मुलांनी रंगवलेली पुस्तकातली खूणपट्टी, हे चालतं. पोस्टात शिक्का हाताने ठोकतात, म्हणून ठिसूळ काही नको. ती वस्तू डाव्या बाजूला, तिकिटापासून लांब बसवा.

चिकटवण्याबद्दल थोडंसं. स्टेपलर मारू नका, पोस्टमनच्या आणि वाचणाऱ्याच्याही बोटाला लागतं. झाकणाची दोन्ही टोकं अर्धा सेंटीमीटर सुटी ठेवा, म्हणजे बोट आत जाऊन पाकीट सहज फाटतं. कात्री शोधायला उठावं लागलं की पत्र फळीवर जातं. डिंक लावलेली तयार पाकिटं पावसाळ्यात आपोआप चिकटून बसतात, तेव्हा जूनमध्ये वर्षाचा साठा करू नका.

एमआयडीसीतल्या कंपन्यांना पाठवायचं पाकीट वेगळं. तिथे ज्याचं नाव असतं तो पाकीट उघडत नाही. आधी गेटवर, मग आवक-जावक पाहणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर ते जातं, शिक्का आणि क्रमांक पडतो. त्या माणसाला सोपं करा. नावाखाली पद लिहा, त्याखाली विभाग, आणि डाव्या कोपऱ्यात एका ओळीत विषय. इथे छापील पत्ता चालतो, मोठं पाकीटही चालतं; टेबलावर ते वर राहतं. माणूस बदललेला असू शकतो, म्हणून आधी फोन करून नाव विचारून घ्या.

आणि नाव नसलेलं टपाल? टपालखात्याची 'डायरेक्ट पोस्ट' सेवा आहे, तीत पत्ता न लिहिता गावात सगळीकडे पत्रकं वाटून मिळतात. नवीन दुकान उघडताना ती उपयोगी पडते. पण मग पाकिटावर पैसे घालू नका. नाव नसलेलं पाकीट कोणी उघडत नाही, तिथे उघडं पत्रकच बरं.

पत्र कधी पोचावं याचा विचार पाकिटाइतकाच करायला हवा. मृगाच्या आधीच्या आठवड्यात शेतकरी पाकिटाकडे बघत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घर भरलेलं असतं, एक पत्र चार जणी वाचतात. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला सुरतेहून, नाशिकहून, पुण्याहून भाऊबंद गावी येतात. घरासाठी मोठी खरेदी करायची असेल तर ती बोलणी तेव्हाच होतात. त्या दिवसांच्या आठवडाभर आधी पत्र पोचेल असं टाका. दिवाळीत सगळेच पाठवतात. मी तरी दिवाळी सोडून पोळ्याचे दिवस सुचवतो.

एवढं करून कोणतं पाकीट चाललं हे कळायला हवं. डेव्हिड ओगिल्व्ही हे जगभर नाव झालेले जाहिरातकार टपालाच्या जाहिरातीला आपलं गुप्त हत्यार म्हणत. तिचा परिणाम मोजता येतो, हे त्यामागचं कारण. मोजायला संगणक लागत नाही. दोनशे नावांच्या यादीत एक सोडून एक असे दोन गट करा. नरडाणा एका गटात आणि बेटावद दुसऱ्या गटात, असं करू नका. मग गावाचा फरक मोजला जाईल. एका गटाला हाताने लिहिलेलं, दुसऱ्याला छापलेलं, बाकी सगळं तेच. कूपनच्या कोपऱ्यात एकावर टिंब, दुसऱ्यावर चांदणी. गल्ल्याशेजारी दोन डबे ठेवा आणि महिन्याने मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

काही पाकिटं परत येतील. त्यांचा राग करू नका, त्यांच्यावर पोस्टमनने आपल्यासाठी मोलाची माहिती लिहिलेली असते: 'पत्ता अपुरा', 'घर बंद', 'गाव सोडून गेले'. प्रत्येक परत आलेलं पाकीट उघडायच्या आधी यादी समोर घ्या आणि त्याच वेळी दुरुस्ती करा. सुरतेला गेलेल्या माणसाचं गावातलं घर असतंच. भावाचं नाव विचारून घ्या. आमच्याकडे मागच्या खेपेला आलेल्या एका पाकिटावर बॉलपेनने एकच शब्द होता, 'मयत'. आम्ही यादीत त्या नावावर रेघ ओढली, शेजारी तारीख घातली, आणि त्या घरी वर्षभर कोणतंही जाहिरातीचं पाकीट जाणार नाही अशी खूण केली. ते पाकीट पाठवणाऱ्या दुकानदाराने स्वतः एक साधं पोस्टकार्ड घेतलं, त्या घरातल्या मुलाच्या नावाने चार ओळी लिहिल्या आणि तिथल्या तिथे पेटीत टाकलं.